बघणाऱ्यांचे साळवे

साळवेंना विनोद सांगण्यात काही अर्थ नसे. सांगणारा रंगात आला की साळवे त्याच्यावरची नजर काढून घेत आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडांकडे बघू लागत. कोण आधी हसतं, कोण शेजाऱ्याला हसताना बघून हसतं, कोणाला काहीच कळलेलं नाही आणि तरी दात दिसतायत, हे सगळं त्यांना बघायचं असे. सगळ्यांचं हसून झालं की ते हळूच विचारत, “काय म्हनले ते?”

आमची तेव्हा नगरला, सावेडीत व्हिडिओ लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे राहत्या घराची पुढची खोली. रस्त्याच्या बाजूला एक दार पाडून घेतलं होतं, भिंतींना फळ्या ठोकल्या होत्या आणि कोपऱ्यात एक टीव्ही दिवसभर चालू असायचा. यजमान एमआयडीसीत कामाला. संध्याकाळी ते घरी येईपर्यंत काउंटर माझ्याकडे. साळवे लग्नांचं शूटिंग करायचे. कॅसेटच्या कॉप्या काढायला दोन व्हीसीआर लागतात, ते आमच्याकडे होते, म्हणून त्यांचं येणं सुरू झालं. पुढे पुढे कॉपी काढायची नसली तरी ते यायला लागले.

मूळचे ते देवळाली प्रवराचे. शहरातल्या एका फोटो स्टुडिओत वीसेक वर्षं काढलेली, मग पुण्याच्या कोणाकडून तरी जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला. तो कॅमेरा वाहून वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलेला. दारातून “जयभीम वहिनी” म्हणत आत यायचे आणि दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. त्या स्टुलावरून टीव्हीचा पडदा दिसत नसे. मी एकदोनदा म्हटलं, “साळवेभाऊ, इकडे खुर्चीवर बसा, तिथून काय दिसतंय तुम्हाला?”

“समदं दिसतंय की,” ते म्हणाले.

तिथून त्यांना टीव्ही बघत उभी राहिलेली गिऱ्हाइकं दिसायची. कॅसेट परत करायला आलेली बाई पाच मिनिटं म्हणून थांबायची, पडद्यावर मारामारी सुरू झाली की तिच्या हातातली पिशवी हळूहळू छातीशी यायची. साळवे त्या पिशवीकडे बघत बसायचे.

या सवयीपायी त्यांचा धंदा बुडत चालला होता. राहुरीकडच्या एका लग्नाची गोष्ट. कॅसेट नवऱ्या मुलाच्या घरी पोचली आणि दोन दिवसांनी त्याचे काका थेट आमच्याकडे आले. साळवे तिथेच होते. काकांनी कॅसेट काउंटरवर आपटली.

“लावा बाई ही. लावा आणि तुम्हीच सांगा मंगळसूत्र कुठं आहे ते.”

मी लावली. अक्षता पडल्या, बँड वाजला, आणि नेमक्या त्या वेळी कॅमेरा स्टेजवरून जो वळला तो मांडवाच्या मागच्या टोकाला गेला. तिथे नवरीची धाकटी बहीण खुर्चीवर चढून, टाचा उंचावून, समोर काय चाललंय ते बघत होती. तिचे ओठ नकळत हलत होते. मग एक म्हातारी, मग दोन मावश्या, मग मांडवाच्या खांबाला धरून उभा असलेला एक दांडगा माणूस, उपरण्याने डोळे पुसणारा. ते काकाच होते.

पडद्यावरचा स्वतःचा चेहरा त्यांनी शेवटपर्यंत बघितला.

“हे कधी घेतलं?” त्यांनी जरा खालच्या आवाजात विचारलं.

“मंगळसूत्र घालत हुते तवाच,” साळवे म्हणाले.

“ते काही असो,” काका पुन्हा आवाज चढवून म्हणाले, “मंगळसूत्र पाहिजे होतं.”

काका गेल्यावर मी साळवेंना म्हटलं, अहो, निदान तेवढं तरी घ्यायचं. ते म्हणाले, “बघनाराकडं बघायचं, वहिनी. स्टेजवर काय, समद्या लग्नात तेच असतंय.” त्यानंतर त्यांना लग्नाची कामं देणारा जुना स्टुडिओवाला त्यांच्याबरोबर एक दुसरा पोरगा पाठवू लागला, विधी घेण्यासाठी. मग हळूहळू त्या पोरग्यालाच एकट्याला पाठवू लागला.

काम नसलेल्या दिवशी साळवे कॅमेरा घेऊन लुनावर निघायचे. जत्रेतल्या कुस्त्या, बाजारातले जादूचे प्रयोग, ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर क्रिकेटची मॅच, जिथे म्हणून माणसं काही बघत उभी असतील तिथे ते जायचे आणि त्या माणसांचं शूटिंग करायचे. पैलवान नाही, जादूगार नाही, मॅच नाही. नुसती बघणारी तोंडं. अशा काही कॅसेटी तयार झाल्यावर ते एका दुपारी त्या घेऊन आमच्याकडे आले. प्रत्येकीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं, ‘प्रेक्षक’. खाली भाग एक, भाग दोन.

“फळीवर ठेवा. कोनी मागितली तर द्या,” ते म्हणाले.

यजमान रात्री जेवताना हसले. “लोक सिनेमा न्यायला येतात. सिनेमा बघणारे लोक न्यायला कोण येणार?”

खरोखरच कोणी आलं नाही. कॅसेटी भिंतीला लागून, वरच्या फळीवर, धूळ खात राहिल्या. दुसरा कोणी असता तर घेऊन गेला असता. साळवे स्टुलावर बसून लोक कॅसेट मागतात कशी ते ऐकू लागले. महिनाभर तरी ते हेच करत होते. मग एकदा मला म्हणाले, “वहिनी, नाव कोनी सांगतच न्हाई. तुमी बघितलं का? ‘ती द्या, तिच्यात तो आंधळा असतोय.’ ‘ती रडायची द्या.’ ‘मागल्या बारीला पावन्यांनी नेल्ती ती द्या.’ मानूस त्याच्या डोक्यात जे हाय त्यानं मागतंय. आन आपन लिव्हलंय प्रेक्षक. प्रेक्षक कोनाच्या डोक्यात असतंय?”

आठ वर्षं काउंटरवर बसून हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं असं नाही, पण मी त्याचं काही केलं नव्हतं. साळवेंनी केलं. जुनी लेबलं काढली आणि नवी लावली. आता त्यांवर गावाचं नाव आधी आणि मोठं. ‘देवळालीचा बाजार: कोण कोण हसलं?’ दुसरीवर जत्रेच्या गावाचं नाव आणि खाली, ‘कुस्त्यांच्या फडात तुम्ही होता का?’ लेबलाच्या कडेला एकेका चेहऱ्याचा फोटो चिकटवला, तोंड उघडं पडलेला, डोळे विस्फारलेला. मग मला भीत भीत विचारलं, “नव्या पिक्चरच्या शेजारी ठेवू का? नवा पिक्चर बाहेर गेलेला असला म्हंजी मानसाची नजर शेजारी जाती.” मी ठेवू दिल्या. बायकांच्या डोळ्यांच्या उंचीची फळी कोणती, पोरांच्या कोणती, हे ते स्वतः वाकून, गुडघ्यावर बसून बघायचे. राहुरीपर्यंत तारा नेलेल्या एका केबलवाल्याला गाठून त्यांनी त्याच्या लोकल चॅनेलवर दुपारी थोडं थोडं दाखवायला लावलं आणि पडद्याच्या तळाशी एक ओळ सोडायला लावली: स्वतःला बघायचं असेल तर सावेडीला या.

आणि लोक यायला लागले. आधी कुतूहलाने एकदोघं, मग घरंच्या घरं. देवळालीहून एक आजोबा दोन नातवंडं घेऊन आले, आमच्या टीव्हीसमोर उभे राहून स्वतःला शोधलं, सापडल्यावर टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “मी एवढा म्हातारा दिसतो व्हय?” नातवंडं हसून लोळायची बाकी होती. साळवे स्टुलावरून त्यांच्याकडे बघत होते. इतकं सुख मी त्यांच्या तोंडावर नंतर कधी पाहिलं नाही.

याच सुमारास ते चार दिवस आले नाहीत. ताप आहे असं कोणी तरी सांगितलं. मी आणि यजमान मऊ भाताचा डबा घेऊन त्यांच्या खोलीवर गेलो. भिस्तबाग रस्त्याकडे, एका चाळीवजा इमारतीच्या टोकाला त्यांची खोली होती. जिन्यातच आतून हसण्याचा गलका ऐकू आला. पंधरावीस माणसं तरी असावीत. यजमान म्हणाले, “पाहुणे आलेले दिसतात. बरं झालं.” दार लोटलं तर आत साळवे एकटे. कॉटवर चादर पांघरून बसलेले, पुढ्यात ताट आणि समोर टीव्हीवर त्यांची कॅसेट, बाजारातल्या लोकांची. ते लोक हसत होते आणि साळवे चतकोर भाकरी दुधात कुस्करत होते.

आम्हाला बघून ते ओशाळले. उठून आवाज बंद केला. आवाज बंद झाल्यावर खोली एकदम फार लहान वाटायला लागली.

“जेवताना लावतो,” ते म्हणाले. “एकट्याला घास उतरत न्हाई, वहिनी. हे असले म्हंजी जरा बरं.”

कोनाड्यात त्यांच्या बायकोचा फोटो होता. बाळंतपणात गेली, मूलही गेलं, हे मला माहीत होतं, पण फोटो मी पहिल्यांदा बघत होते. लग्नातला, स्टुडिओत काढलेला. त्यात तिचे डोळे मिटलेले होते. फोटो काढताना पापणी लवते तसे.

“एकच हाय,” साळवे म्हणाले. “तवा वाटलं, दुसरा काढू की कवातरी. आता डोळे आटवायचे म्हनलं तर आटवत न्हाईत.”

यजमानांनी डबा ठेवला. त्यानंतर साळवेंच्या कॅसेटींवरून त्यांनी कधी चेष्टा केली नाही.

गयाबाई आली ती त्याच हिवाळ्यात. पाथर्डीकडची, ऊसतोडीला राहुरीच्या भागात आलेली. तिच्याबरोबर तिचा थोरला भाऊ होता. दुपारची वेळ होती. साळवे होते, मी होते, दुसरं कोणी नव्हतं. भावानेच सांगितलं. हिचा नवरा तीन वर्षांमागे घर सोडून गेला तो गेलाच. जिवंत आहे की नाही तेही कळलं नाही. परवा फॅक्टरीजवळच्या चहाच्या टपरीवर केबल लावली होती, त्यात कुस्त्या बघणारी माणसं दाखवत होते, आणि त्यांच्या टोळीतल्या एकाने त्याला ओळखलं.

“तीच क्यासेट हितं भेटती म्हनले,” भाऊ म्हणाला.

मी साळवेंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी कॅसेट लावली.

गयाबाई जमिनीवर बसली. खुर्ची दिली तरी बसली नाही. पडद्यावर चेहऱ्यांमागून चेहरे जात होते. कुस्ती निकाली निघाली असावी, कारण एकदम सगळी माणसं उसळली, आणि त्या गर्दीत भाऊ म्हणाला, “थांबवा.”

एक सावळा, हडकुळा माणूस. खांद्यावर दोनेक वर्षांचं पोर बसवलेलं. पोराने त्याचे केस दोन्ही मुठींत धरले होते आणि तो तोंड भरून हसत होता.

मी चित्र थांबवलं होतं. ते थरथरत तसंच राहिलं. गयाबाईने पदर नीट केला. मग म्हणाली, “हसतोय की.”

भावाने मान फिरवली.

“आमच्याकडं कदी असा हसला न्हाई,” ती म्हणाली. “पुन्यांदा लावा, बाई. मागनं.”

मी मागून लावलं. तिने तो तुकडा परत बघितला, आणि परत एकदा. त्या वेळी मी साळवेंकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी कॅसेट चालू असताना स्टूल सोडलं होतं आणि ते टीव्हीकडे बघत होते. तिच्या तोंडाकडे बघणं त्यांना जमत नव्हतं.

भावाने कॅसेटचं कव्हर हातात घेतलं. साळवेंनी मोठ्या अक्षरात लिहिलेलं गावाचं नाव त्याने अक्षर जुळवत वाचलं. ते नाव मी इथे घालत नाही.

“गाव लिव्हलंय की हितं,” तो म्हणाला.

साळवे घाईने म्हणाले, “जत्रेतलं हाय ते. लांबलांबनं मानसं येत्यात. आता कोन कुठं असंल, काय सांगावं.”

“जाऊन बघतो.”

“नको जाऊ, दादा,” गयाबाई उठत म्हणाली. “हाय, धडधाकट हाय, एवढं कळलं. मला बास झालं.”

भावाने कव्हर काउंटरवर ठेवलं, तिला पुढे घातलं आणि ते गेले. जाताना तिने मला विचारलं, “ह्ये रोज लावत्यात का टीवीवर?” मी म्हटलं, रोज नाही. ती म्हणाली, “नका लावू म्हनावं.”

साळवे त्याच संध्याकाळी केबलवाल्याकडे गेले आणि दाखवणं बंद करायला लावलं. पण भाऊ गेलाच. पुढची हकिकत आम्हाला केबलवाल्याकडूनच कळली. टोळीतली माणसं घेऊन भाऊ त्या गावी पोचला. तो माणूस तिथे वीटभट्टीवर कामाला होता. त्याला भट्टीवरच गाठलं आणि मारलं. जीव जाईपर्यंत मारलं नाही, पण हात मोडला. आठवडाभरात तो, त्याची ती दुसरी बाई आणि पोर तिथूनही कुठे तरी निघून गेले. गयाबाईच्या हाती काहीच लागलं नाही. भावाशी तिने बोलणं सोडलं, एवढं ऐकलं.

केबलवाला हे सगळं उभ्या उभ्या रंगवून सांगत होता. साळवे स्टुलावर मान खाली घालून ऐकत होते. तो थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“मारलं तवा पोरगं तिथंच हुतं का?”

“होतं म्हणतात.”

“बघत हुतं?”

केबलवाल्याला प्रश्न विचित्र वाटला असावा. “असेल की. लहान आहे, कुठे जाणार?”

दुसऱ्या दिवशी साळवे दुपारी आले. येताना फडकं आणि दाढीचं पातं घेऊन आले होते. माझ्याकडून वाटीभर पाणी मागून घेतलं, त्यांच्या सगळ्या कॅसेटी फळीवरून काढल्या आणि जमिनीवर मांडी घालून एकेकीचं लेबल भिजवून खरवडायला बसले. गावाचं नाव, चिकटवलेला चेहरा, सगळं.

“साळवेभाऊ, अहो नावं काढली तर कोणाला कळणार? कोण मागेल मग?”

“न्हाई मागनार,” ते म्हणाले, आणि पात्याने कागद सोलत राहिले.

“तुमचा काय दोष आहे यात? तुम्ही काय मुद्दाम केलंत?”

त्यांनी हात थांबवला. “मुद्दाम केलं की, वहिनी. मानसाला चटदिशी सापडावं म्हनून तर केलं समदं. येवडी मेहनत घेतली. पन ज्याला सापडायचंच न्हाई असाबी कोन असंल त्याच्यात, हे कुठं ध्यानात आलं?”

मी वाटीतलं पाणी बदलून आणलं. त्या पोराला खांद्यावर घेतलेल्या माणसाची बाजू घ्यावी असं काही त्याने केलं नव्हतं, आणि तरीही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या कॅसेटी काळ्या, बिननावाच्या झाल्या. त्यांनी त्या सर्वांत खालच्या फळीवर, भजनांच्या कॅसेटींमागे, आडव्या रचून ठेवल्या. आठवडाभराने एक बाई आली आणि म्हणाली, “ते देवळालीच्या बाजाराचं द्या ना, हसायचं.” मी साळवेंकडे बघितलं. ते स्टुलावरून म्हणाले, “बाहेर गेलीय, ताई. परत आली न्हाई.” बाईने आणखी एकदा विचारलं नंतर, मग तिने विचारणं सोडलं. लोकांना विसरायला फार दिवस लागले नाहीत. केबलवर चॅनेल वाढत चालले होते, आणि आता आमच्याकडे सिनेमा मागायलाच कोणी येईना, तिथे साळवेंच्या कॅसेटींचं काय घेऊन बसलात.

लायब्ररी आम्ही बंद केली. खोली औषधांच्या दुकानाला भाड्याने दिली. साळवेंनी त्याआधीच कॅमेरा विकला होता. सामान आवरताना निरोप धाडला तेव्हा येऊन त्यांनी आपल्या कॅसेटी पोत्यात भरल्या आणि पोतं लुनाला बांधलं. देवळालीला पुतण्याकडे राहायला जातोय म्हणाले. “येत जा नगरला,” मी म्हटलं. “येतो की,” ते म्हणाले. ते आले नाहीत.

दोनेक वर्षांनी आम्ही शिर्डीला निघालो होतो. उन्हाळा होता. राहुरी सोडल्यावर रस्त्याच्या कडेला रसवंती दिसली म्हणून गाडी थांबवली. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, चरकाला बांधलेले घुंगरू. मागच्या बाजूला बादलीशी वाकून एक माणूस ग्लास विसळत होता. खांद्यावरून ओळखलं.

“साळवेभाऊ.”

ते उठले. हात लेंग्याला पुसले. “वहिनी,” म्हणाले, आणि यजमानांकडे बघून, “साहेब बरे हायेत ना?” रसवंती पुतण्याची होती. पुतण्या चरकावर होता. त्याने आमच्याकडे पाहून मान हलवली आणि कांडी सारत राहिला. साळवेंनी स्वतः ग्लास आणून दिले, बर्फ जास्त घालायला लावला. त्यांनी स्वतः रस घेतला नाही. आम्ही पीत असताना ते रस्त्याकडे तोंड करून उभे होते, आमच्याकडे बघत नव्हते. मला ते जाणवलं. पूर्वी त्यांनी एकेक घोट बघितला असता.

मी कॅसेटींचं विचारलं.

“बुरशी धरली त्यांनी,” ते म्हणाले. “मग पुतन्यानं आतली पट्टी काढून बाजरीला बांदली. पाखरांसाठी. वारा सुटला की लई आवाज करती ती. उन्हात चमकती. पाखरं येत न्हाईत.”

“चांगलं झालं मग,” यजमान काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“व्हय,” साळवे म्हणाले.

मी म्हटलं, शिर्डीहून परत येताना थांबू. ते बरं म्हणाले. त्यांना माहीत होतं आणि मलाही माहीत होतं, परतायला आम्हाला अंधार होणार.

गाडी सुरू झाल्यावर मी मागच्या काचेतून वळून बघितलं. साळवे छपराखालून बाहेर, डांबरीच्या कडेला आले होते. त्यांनी हात वर केलेला दिसला. मीही हात बाहेर काढून हलवला, बराच वेळ हलवला. मग गाडी जरा लांब गेल्यावर लक्षात आलं, त्यांचा हात हलत नव्हता. ऊन तोंडावर येत होतं म्हणून त्यांनी तो कपाळाशी धरला होता. आमच्या मागून एक ट्रक आला, त्यामागून उसाची बैलगाडी. साळवे तसेच उभे होते, रस्त्याकडे बघत.